पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का कमी होत जातात?

गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल पाळणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची आहे. मादीने पिल्लं दिली, पंचवीस-तीस तरी असतील. पहिले आठ दिवस सगळी तुरुतुरु पळत होती. मग रोज सकाळी दोन-चार कमी दिसायला लागली आणि महिना संपता संपता बोटांवर मोजण्याइतकी उरली. मोठे मासे मात्र ठणठणीत. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग निळं औषध, पिवळं औषध, मूठभर मीठ, जे हाताला लागेल ते टँकमध्ये पडतं आणि उरलेली पिल्लंही जातात.

या प्रकारात मूळ कारण रोग क्वचितच असतो. बहुतेक वेळा ओढाताण अन्न आणि पाणी यांच्यात चाललेली असते. पिल्लाचं पोट एवढंसं, त्यामुळे त्याला दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं. कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळे मासे एकत्र ठेवलेल्या टँकमध्ये, टाकलेल्या चिमटीतल्या अन्नातलं बरंचसं मोठे मासे मटकावतात, काही खडीत जाऊन कुजतं आणि पिल्लांच्या वाट्याला जेमतेम येतं. कमी टाकलं तर पिल्लं उपाशी, जास्त टाकलं तर पाणी खराब. मोठा मासा दोन्ही सोसतो. त्याला दोन दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही आणि थोड्याफार अमोनियानेही (माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या विषाने) तो लगेच आडवा होत नाही. पिल्लाकडे ना चरबीचा साठा असतो ना तेवढी सहनशक्ती. म्हणून एकाच पाण्यात आईबाप मजेत आणि पिल्लं मरतायत, असं दिसतं.

तेव्हा बाटली उघडण्याआधी पिल्लं नेमकी कशी कमी होतायत ते बघा.

मेली की गायब झाली?

गोंधळ इथूनच सुरू होतो. नुकतं जन्मलेलं गप्पीचं पिल्लू साधारण सहा-सात मिलिमीटरचं असतं. ते मेलं तर 26 अंशांच्या पाण्यात फार वेळ टिकत नाही. टँकमध्ये गोगलगायी, झिंगे किंवा तळाशी चरणारे कोरीडोरास मासे असतील तर सकाळपर्यंत काहीच उरत नाही. त्यामुळे ‘मेलेलं एकही सापडलं नाही, म्हणजे मोठ्यांनीच खाल्ली’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

खात्री करायची असेल तर टँकचा दिवा घालवून तासाभराने टॉर्च घेऊन बसा. रात्री पिल्लं तरंगत्या वनस्पतींच्या मुळांशी, हीटरच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात अगदी वरच्या थरात स्थिर असतात, त्यामुळे मोजायला सोपी जातात. दिवसा दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. घाबरलेलं पिल्लू जावा मॉसच्या गुंत्यात शिरलं की लवकर बाहेर येत नाही. ही मोजणी दोन-तीन रात्री केली की चित्र स्पष्ट होतं. संख्या घटतेय पण उरलेली पिल्लं गुटगुटीत आणि चपळ आहेत, तर ती खाल्ली जातायत किंवा कुठेतरी ओढली जातायत. उरलेलीही मरगळलेली, पर मिटून एका जागी बसलेली असतील, तर पाण्याकडे वळा.

खाल्ली जात असतील तर कोण खातं याचा फार शोध घेण्यात अर्थ नाही. तोंडात मावेल ते गिळायचं, हा जवळजवळ प्रत्येक माशाचा नियम आहे आणि जन्मदाती आईही त्याला अपवाद नाही. एंजल, मोठे बार्ब, मोठे गोरामी असलेल्या टँकमध्ये पिल्लं वाचण्याची आशाच धरू नये. निऑनसारखे बारीक तोंडाचे टेट्रा नवजात पिल्लावर डाव साधतात, पण नीट खाऊन वाढणारं पिल्लू लवकरच त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. म्हणजे टँकमध्ये असे लहान मासेच आहेत आणि तरीही पिल्लं तिसऱ्या आठवड्यात गायब होतायत, तर एक तर ती वाढत नाहीयेत किंवा दोष दुसरीकडे आहे.

आधी फिल्टर बघा. मागे टांगायच्या फिल्टरच्या नळीला जी जाळी असते, तिच्या फटी मोठ्या माशांच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. फिल्टर बंद करा, आतला स्पंज काढून टँकच्याच पाण्याच्या बादलीत हळूच हलवा. कधी त्यातून जिवंत पिल्लं सुळकन बाहेर येतात, कारण फिल्टरच्या पेटीतही ती कित्येक दिवस तग धरतात. कधी स्पंजवर पांढरट धाग्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं आणि त्याच्या टोकाला दोन काळे ठिपके दिसतात, तेव्हा कळतं की ते डोळे आहेत. नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज चढवला की हा प्रश्न मिटतो. मात्र तो दर दोन-तीन दिवसांनी पिळावा लागतो, नाहीतर प्रवाह मंदावतो. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर असेल तर उत्तमच. त्याच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं दिवसभर टिपत राहतात. पिल्लांसाठी याहून चांगला फिल्टर मला माहीत नाही, महागातला महाग घेतला तरी.

लटकवायच्या ब्रीडिंग बॉक्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात पाणी पुरेसं खेळत नाही. जाळीचा असेल तर अन्नाच्या चिकट थराने आणि शेवाळाने छिद्रं बुजत जातात. मग बाहेर टँकचं पाणी उत्तम आणि आत पेलाभर पाण्यात अमोनिया, अशी गत होते. वापरायचाच असेल तर एअर स्टोनचे बुडबुडे त्याच्या अगदी शेजारून वर जातील अशा जागी लावा, तळाशी उरलेलं अन्न रोज ड्रॉपरने ओढून काढा आणि आठवडा-दहा दिवसांनंतर पिल्लं त्यातून काढा. पोटुशी मादी त्यात दिवसेंदिवस कोंडून ठेवणं तर टाळाच. दाट जावा मॉस, हॉर्नवर्ट आणि वर तरंगणारी वॉटर स्प्राइट असा एक कोपरा केला तर पिल्लं लपतात, मोकळी पोहतात आणि त्या वनस्पती अमोनियाही शोषतात.

मरणाची वेळ बघा

पिल्लं कधी मरतायत याची नोंद ठेवली तर निम्मं निदान तिथेच होतं.

पहाटे किंवा सकाळी दिवा लावण्याआधी सगळी पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवतायत आणि दुपारपर्यंत पूर्ववत होतायत, तर ऑक्सिजन कमी पडतोय. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण रात्री त्याही तो वापरतात, म्हणून दाट लावलेल्या टँकमध्ये पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली असते. त्यातून गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. आवाजाने झोप येत नाही म्हणून रात्री एअर पंप बंद करणारे खूप आहेत. पिल्लं असताना असं करू नका. पंपाखाली फोमचा तुकडा ठेवा.

पाणी बदलल्यापासून एका दिवसाच्या आत मरत असतील तर नव्या पाण्यात काहीतरी आहे किंवा ते जुन्यापेक्षा फार वेगळं आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत एअर स्टोन लावून 24 तास ठेवल्यावर तो उडून जातो. क्लोरामाइन मात्र असा उडत नाही, त्याला अँटिक्लोरीन लागतंच. साधं सोडियम थायोसल्फेट क्लोरामाइन तोडतं तेव्हा त्यातला अमोनिया पाण्यात मोकळा होतो, म्हणून अशा पाण्यासाठी अमोनियालाही बांधून ठेवणारं द्रावण घ्यावं. तापमानही हाताने अजमावू नका, थर्मामीटर वापरा. नवं पाणी एक-दीड अंशापेक्षा जास्त गार किंवा गरम नको.

आणि रोज एक-दोन, वेळेचा काही मेळ नाही, अशा पद्धतीने मरत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

अमोनियाचा हिशेब

‘पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे’ हे वाक्य या विषयात निरुपयोगी आहे, कारण अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींना रंग नसतो. टेस्ट किट हवंच, तेही थेंबांचं. पट्ट्यांवर कमी पातळीतला फरक नीट कळत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं जास्त आम्लधर्मी) एवढ्या चार चाचण्या पुरेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेट 20 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) आत असावं, 40 च्या वर तर जाऊच नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचं कोडं बरेचदा इथेच सुटतं. पिल्लं झाल्यावर हौसेने वेगळा टँक आणला जातो: कोरा फिल्टर, कोरं पाणी, धुतलेली खडी. त्यात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जवळपास नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आधी अमोनिया चढतो आणि त्याच्या पाठोपाठ नायट्राइट, जो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात शिखर गाठतो. वेळापत्रक जुळतंय ना? पहिला आठवडा छान जातो कारण पिल्लं चिमुकली, अन्न थोडं आणि विष अजून साचलेलं नसतं. नायट्राइट रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही पिल्लू गुदमरतं. लोक एअर पंप वाढवतात आणि काहीच फरक पडत नाही. नायट्राइट सापडला तर लिटरमागे अर्धा ग्रॅम साधं, काहीही न मिसळलेलं मीठ विरघळवून टाका; त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ही वेळ मारून नेण्याची सोय आहे, खरा इलाज रोज पाणी बदलणं हाच.

वेगळा टँक करायचाच असेल तर महिनाभर आधी एक जादा स्पंज फिल्टर मोठ्या टँकमध्ये चालू करून ठेवा. पिल्लं हलवायच्या दिवशी तोच फिल्टर, न धुता, नव्या टँकमध्ये लावा आणि पाणीही मोठ्या टँकचंच भरा. महिनाभराची वाट वाचते.

आता दुसरा प्रकार. हा जास्त फसवा, कारण यात टँक जुना आणि ‘सेट झालेला’ असतो. वर्षभर फक्त उडालेलं पाणी भरून काढलेलं असतं, बदललेलं नसतं. अमोनियाचं नायट्रेट होताना दर वेळी पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल रिचवण्याची क्षमता, खर्च होत जाते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात मिलिग्रॅम केएच संपतो. तो संपत आला की पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास थांबतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, जे कितीतरी कमी विषारी आहे. म्हणून मोठे मासे जगतात आणि मालकाला वाटतं, काही न करता टँक छान चाललाय.

अशा टँकमध्ये पिल्लं होतात, मालक उत्साहाने अर्धं पाणी बदलतो, पीएच सहावरून एकदम पावणेआठला जातो आणि साठलेल्या अमोनियममधला काही भाग पाहता पाहता अमोनियात बदलतो. आकड्यांत बघा: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. टेस्ट किट दोन्ही रूपं मिळून मोजतं, त्यामुळे नळीतला हिरवा रंग तोच दिसतो आणि विष मात्र नऊ-दहा पट झालेलं असतं. मग संध्याकाळी पिल्लं मेली की दोष ताज्या पाण्यावर जातो आणि ‘पाणी बदललं की मासे मरतात’ हा समज आणखी घट्ट होतो. खरं तर पाणी न बदलल्याने ती मेलेली असतात.

तुमचा टँक या गटात बसत असेल, म्हणजे पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया मोजण्याइतका, तर एकदम अर्धं पाणी बदलू नका. रोज दहा टक्के, तेही हवेच्या बारीक नळीने थेंब थेंब सोडून, असं दोन आठवडे करा. अन्न निम्मं करा. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत थोडा कोरल चुरा ठेवला तर केएच हळूहळू वर येतो.

याच संदर्भात आरओच्या पाण्याबद्दल दोन शब्द. पिण्यासाठी चांगलं म्हणून टँकमध्येही तेच भरणारे भेटतात. पिल्लं देणाऱ्या या माशांना क्षारयुक्त, जड पाणी मानवतं. मॉली तर मऊ पाण्यात जागच्या जागी लटपटत राहते, पुढे सरकतच नाही, आणि ते बघून लोक औषध घालतात. क्षार न मिसळलेलं आरओचं पाणी अशा टँकमध्ये भरू नये.

पोट बघा

पाणी ठीक निघालं तर अन्नाकडे या. खायला घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पिल्लाच्या बाजूने टॉर्च धरा. या वयात अंग इतकं पारदर्शक असतं की आत काय गेलंय ते दिसतं. आर्टेमिया, म्हणजे नुकते उबलेले ब्राइन श्रिम्प, खाल्लेल्या पिल्लाचं पोट नारिंगी, गोल टिपक्यासारखं चमकतं. उपाशी पिल्लाची पोटाची रेघ आत गेलेली असते, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं आणि मागचा भाग काडीसारखा. अशी चार-पाच पिल्लं दिसली तर अन्न पोचत नाहीये, मग तुम्ही दिवसाला कितीही टाकत असा.

न पोचण्याचं कारण बहुधा दोनांपैकी एक. कण मोठा असतो किंवा तो पिल्लांपर्यंत जायच्या आधी मोठे मासे संपवतात. फ्लेक्स बोटांनी चुरडून भागत नाही, ते पिठासारखे बारीक व्हायला हवेत. मोठ्या माशांना आधी टँकच्या एका टोकाला खायला घाला आणि ते तिथे गुंतलेले असताना पिल्लांच्या कोपऱ्यात, पाण्यात कालवलेलं अन्न ड्रॉपरने सोडा. सगळ्यात जास्त फरक याच युक्तीने पडतो. शिवाय कमी अन्नात काम होतं, म्हणजे पाणीही वाचतं.

जमत असेल तर आर्टेमिया घरी उबवा. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, तापमान 26 ते 28 अंश, खालून सतत हवा आणि वर दिवा. अंडी चांगली असतील तर साधारण 24 तासांत उबतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं तळाशी उजेडाच्या बाजूला गोळा होतात, तिथून बारीक नळीने ओढून घ्या. टरफलं पचत नाहीत आणि चिमुकल्या आतड्यात अडकू शकतात, म्हणून ती टाळाच. गाळून गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच घाला, कारण त्यांच्या अंगातला पोषक बलक काही तासांत त्यांनीच वापरून टाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी तीच आर्टेमिया म्हणजे बरीचशी रिकामी. गोड्या पाण्यात ती काही तास जिवंत राहतात, त्यामुळे पिल्लांना सावकाश शिकार करता येते आणि लगेच कुजण्याचा धोका नसतो. हा उद्योग नको असेल तर मायक्रोवर्मची, म्हणजे अगदी बारीक जिवंत किड्यांची, डबी ठेवा. वास येतो, पण काम होतं.

उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना उपाय अजून सांगितला जातो. पिल्लं तो खातात, यात वाद नाही. पण कम्युनिटी टँकमध्ये त्याचा एक ठिपका जास्त झाला तरी पाणी दुधाळ होतं. मी तो सुचवत नाही.

अंडी घालणाऱ्या माशांची, म्हणजे टेट्रा, बार्ब, गोरामी यांची पिल्लं गप्पीच्या पिल्लांपेक्षा खूपच बारीक असतात. अंगची बलकाची पिशवी संपून ती पोहायला लागल्यावर सुरुवातीचे दिवस त्यांना आर्टेमियाही मोठी पडते, इन्फ्युसोरियाच, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीवच, लागतो. फायटर आणि गोरामीच्या पिल्लांत हवेतून श्वास घेण्याचा अवयव काही आठवड्यांनी तयार होतो. त्या काळात टँकवर झाकण ठेवा म्हणजे पृष्ठभागावरची हवा उबदार आणि दमट राहील. पृष्ठभागावर तेलकट साय असेल तर ती कागदाने टिपून घ्या. बऱ्याच जातींच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत वर येऊन हवेचा घोट घेऊन पोहण्याची पिशवी भरावी लागते आणि त्या सायीने ती अडते. अशी पिल्लं मग तळाशी घसटत राहतात.

पिल्लं जगतात पण वाढत नाहीत, ही तक्रारही याच घरची. गर्दी, साचलेलं नायट्रेट आणि दिवसातून एकदाच अन्न, हे तिन्ही एकत्र आले की दोन महिन्यांचं पिल्लू तीन आठवड्यांचं वाटतं. भावंडांतली दांडगी असतात ती अन्न हिसकावतात, म्हणून आकाराप्रमाणे वेगळी करा. एखाददुसरं पिल्लू पाठीत वाकडं निघालं तर तो बहुधा जन्मदोष.

खरंच रोग असेल तर

वरचं सगळं तपासून झाल्यावरच इथे या. अंगावर नेमकं काय दिसतं ते नीट बघणं महत्त्वाचं, कारण ‘पांढरं काहीतरी’ म्हणजे किमान दोन वेगळे रोग आणि एकाचा उपाय दुसऱ्याला पोसतो.

मिठाच्या कणांसारखे सुटे सुटे, किंचित वर आलेले ठिपके म्हणजे इक. हा परजीवी ठिपक्याच्या अवस्थेत कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो बाहेर पडून पाण्यात फुटतो आणि त्याची पिलावळ मोकळी पोहत नवा मासा शोधते, तेवढ्याच काळात मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांकडे तो आठवड्याभरात परततो. पाणी हळूहळू 29-30 अंशांवर नेलं तर हे चक्र लवकर फिरतं, मात्र एअर पंप वाढवायला हवा.

तोंडावर किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला राखाडी-पांढरा चट्टा, कडा विसविशीत, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, हा कॉलम्नॅरिस. हा जिवाणूंचा रोग उबदार पाण्यात अधिक जोर धरतो. त्याला इक समजून हीटर वाढवला की टँक साफ. आजारी पिल्लं ताबडतोब वेगळी काढा, तापमान वाढवू नका, आणि त्यावर जिवाणूंविरुद्धचं औषध लागेल, इकचं नव्हे.

टॉर्च तिरका धरल्यावर अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी दिसली, पिल्लं पर मिटून वनस्पतींना अंग घासत असतील, तर वेल्व्हेट. लहान पिल्लांना हा झपाट्याने संपवतो. या परजीवीला उजेडातून ऊर्जा मिळते, म्हणून औषधासोबत टँक झाकून अंधारात ठेवतात.

गुदद्वारातून लाल धाग्यांचा झुपका बाहेर डोकावत असेल तर कॅमॅलॅनस जंत. पिल्लं देणाऱ्या माशांत हे वारंवार दिसतात आणि इकच्या औषधांनी जात नाहीत. लेव्हामिसोलसारखं जंतनाशक लागतं आणि सोबत खडी सायफनने नीट उपसावी लागते. मोठे मासेही सुकत चालले असतील, पाठी वाकत असतील तर क्षयाच्या जातीचा जिवाणू असू शकतो. त्याच जातीतला एक जिवाणू माणसाच्या कातडीलाही बाधतो, त्यामुळे हाताला जखम असताना टँकमध्ये हात घालू नका.

औषध कुठलंही असो, ते घालताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. मिथिलीन ब्लू मोठ्या टँकमध्ये कधीच नको: वनस्पती आणि फिल्टरमधले जिवाणू दोन्हींना त्याचा फटका बसतो. ते वेगळ्या भांड्यात. दोन औषधं एकत्र तर अजिबात घालू नका.

पुढच्या खेपेची तयारी

गप्पीची मादी साधारण दर चार आठवड्यांनी पिल्लं देते आणि नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते. म्हणजे नर काढून टाकला तरी पुढच्या काही खेपा ठरलेल्याच. आत्ताची पिल्लं वाचत असोत वा नसोत, तयारीला तुमच्याकडे काही आठवडे आहेत. नळीच्या तोंडावर स्पंज चढवा, मॉस वाढू द्या, जादा स्पंज फिल्टर मुरायला लावा.

पिल्लं आल्यावर दिवसातून चार वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढंच अन्न. रात्री शेवटचं अन्न दिल्यावर अर्ध्या तासाने तळ बघा आणि उरलेलं बारीक नळीने ओढून घ्या. नळीच्या टोकाला पातळ कापड बांधा, म्हणजे पिल्लू ओढलं जाणार नाही. रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदला. हे पहिले सहा आठवडे कंटाळवाणे आहेत, पण याला पर्याय म्हणून जे काही बाटल्यांत विकलं जातं त्यातलं काहीही याच्या जवळपास पोचत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. कुठलाही आकडा शून्यावरून हलला की अन्न कमी करण्याआधी पाणी बदला.

वेगळ्या टँकमधली पिल्लं परत मोठ्यांत सोडायची ती वयावर नव्हे, तोंडाच्या मापावर. टँकमधल्या सर्वांत मोठ्या तोंडात जाणार नाहीत एवढी झाली की सोडा; गप्पी-टेट्राच्या टँकमध्ये दीड-दोन सेंटिमीटर पुरे. सोडण्याआधी मोठ्यांना पोटभर खायला घाला आणि दिवा घालवून सोडा. पहिली रात्र अंधारात गेली की सकाळपर्यंत त्यांना लपायच्या जागा सापडलेल्या असतात.

आणि हे सगळं नीट जमलं की नवा प्रश्न येतो: पिल्लं मरत नाहीत आणि टँक तुडुंब भरतो. महिन्याभरात नर ओळखू येऊ लागतात; त्यांच्या पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा होतो. तेव्हाच नर आणि मादी वेगळे करा आणि टँकला झेपतील तेवढेच ठेवून बाकीचे कोणाला तरी द्या. नदी-तळ्यात मात्र सोडू नका. गप्पी कुठल्याही पाण्यात तग धरतो आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर उठतो.